गळ्यातली गाठ, डोक्यातला गोंधळ

गटाच्या मासिक बैठकीत बचत जमा झाली, व्याजाचा हिशेब वहीत चढला, की गप्पा दुखण्यांवर येतात. पूर्वी गुडघे आणि कंबर एवढंच असायचं, आता त्यात थायरॉइड आलाय. पंधरा बायकांच्या गटात दोघी-तिघींकडे तरी ती सकाळची उपाशीपोटी घ्यायची गोळी असते. मागे पैठणकडच्या एका ताईंनी केंद्रावर फोन करून विचारलं होतं, “थायरॉइडनं माणूस भ्रमिष्ट होतं का?” त्यांच्या जावेबद्दल त्या विचारत होत्या. नुसतं ‘हो’ म्हटलं तर गोळी खाणाऱ्या सगळ्या घाबरतील आणि ‘नाही’ म्हटलं तर ते खरं होणार नाही. आम्ही काही डॉक्टर नाही. बी.ए.ला इतिहास घेतलेला, त्यामुळं आम्हाला इतिहासाच्या वाटेनंच उत्तर देता येतं. वाट लांबची आहे, लंडनहून निघते, जपानला जाते आणि मधे आपल्या जालन्यातही थांबते.

थायरॉइड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या घाटीखाली बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती जो रस रक्तात सोडते त्यावर अंगाची सगळी चूल चालते. रस कमी पडला की चूल मंद होते : थंडी वाजते, वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते, काहीच करावंसं वाटत नाही. रस जास्त झाला की उलटं : छाती धडधडते, हात कापतात, झोप लागत नाही, माणूस चिडचिडं होतं. जुन्या लोकांना यातलं एकच माहीत होतं, ते म्हणजे गलगंड. मातीत-पाण्यात आयोडीन कमी असलं की ग्रंथी फुगते आणि गळ्याला गाठ येते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनचं मीठ आणि काही भागांत साधं मीठ देऊन पाहिलं आणि आयोडीनच्या मिठानं गलगंड कमी होतो हे सिद्ध केलं. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो त्यावरूनच. दुकानातल्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं असतं त्यामागं ही एवढी मेहनत आहे. पण आजची आपली गोष्ट मिठाची नाही. मीठ व्यवस्थित खाणाऱ्या बाईलाही जो आजार होतो, त्याची आहे.

१८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही बायकांचं वर्णन लिहिलं. प्रौढ वयात त्यांचे चेहरे सुजले होते, जीभ जड झाली होती, कातडी कोरडी पडली होती आणि बुद्धी मंदावली होती. ‘बायकांमध्ये’ हा शब्द त्यांनी लेखाच्या नावातच घातला होता. पुढं या आजाराचं नाव मिक्सिडिमा पडलं. लंडनच्या डॉक्टरांच्या एका मंडळानं त्यावर समिती नेमली आणि १८८८ साली तिचा अहवाल आला. शंभरावर रुग्ण त्यांनी तपासले होते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना भास होत होते किंवा मनात खोटे संशय घर करून बसले होते. कुणी आपल्याला विष घालतंय, कुणीतरी कानाशी बोलतंय, अशा गोष्टी. म्हणजे पैठणच्या ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर १८८८ सालीच छापून आलं होतं.

उपाय मात्र अजून नव्हता. तो १८९१ मध्ये न्यूकॅसल गावच्या जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरनं काढला. मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी काढून तिचा अर्क त्यानं एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. त्याचे सहकारी त्याला हसले होते म्हणतात. बाई मात्र काही आठवड्यांत बदलली. सूज उतरली, बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली, १९१९ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली, आणि तोवर तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब मरेनंच लिहून ठेवलाय. एका बाईच्या औषधाचा एवढा नीट हिशेब कुणीतरी ठेवला, याचं आम्हा हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांना फार कौतुक वाटलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी नुसती खाल्ली तरी चालते. एकानं तर ती हलकी तळून मुरंब्याबरोबर खायला दिली. आज शेंगदाण्यापेक्षा लहान गोळीत जे मिळतं ते तेव्हा असं ताटात वाढावं लागायचं.

इथं तुम्हाला वाटेल की उपाय सापडला, प्रश्न मिटला. पण पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा लंडनमध्ये अशा बायका वेड्यांच्या वॉर्डात येऊन पडत होत्या. १९४९ साली रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी अशा चौदा रुग्णांची हकीकत छापली. त्या रुग्णांना संशय होता, भास होते, काहींना आवरणंही कठीण होतं, आणि प्रत्येकाच्या वेडामागं थायरॉइड होता. त्यांतले बरेच जण थायरॉइडचं औषध दिल्यावर बरे होऊन घरी गेले. अॅशर यांचं म्हणणं साधं होतं. चेहऱ्याकडं बघा, आवाज ऐका, कातडीला हात लावा. दुखणं समोर दिसतंय, पण ‘वेडी’ हा शब्द एकदा कागदावर चढला की बघणारा बघायचं थांबतो.

अॅशर यांच्याही आधी ही गोष्ट एका कादंबरीकारानं सांगून ठेवली होती. ए. जे. क्रोनिन हे मूळचे डॉक्टर, त्यांची ‘द सिटाडेल’ १९३७ ची. तिच्यात एका माणसाला वेडा ठरवून वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं चाललेलं असतं आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही हवी असते. तरुण डॉक्टर सही द्यायला येतो, रुग्णाचा सुजलेला चेहरा आणि कोरडी कातडी बघतो आणि सही देत नाही. हा थायरॉइड आहे, म्हणतो. माणूस औषधानं बरा होतो. याच कादंबरीवरून आपल्याकडं १९७१ साली देव आनंद आणि मुमताजचा ‘तेरे मेरे सपने’ आला. आमच्यातल्या वयानं मोठ्या मावशींनी तो थेटरात पाहिलाय, आणि त्यांना त्यातली गाणी अजून पाठ आहेत.

आता जरा आपल्या भागाकडं या. त्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पुण्या-मुंबईकडं इंग्रजांचा कायदा चालायचा. १९१२ चा इंडियन लुनसी अॅक्ट, म्हणजे वेड्यांचा कायदा. डॉक्टरचा दाखला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि माणूस येरवड्याला, ठाण्याला नाहीतर रत्नागिरीला. ‘येरवड्याला पाठवा’ ही थट्टा तिथूनच आपल्या बोलीत आली. निजामाच्या राज्यात आधी हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारातच वेड्यांना ठेवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इस्पितळ कुठं हलवलं माहीत आहे? आपल्या जालन्याला. इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, त्याचा वेगळा जिल्हा व्हायला १९८१ उजाडलं. कितीतरी वर्षं साऱ्या हैदराबाद संस्थानातले मनोरुग्ण, तेलुगू बोलणारे, कानडी बोलणारे, उर्दू बोलणारे, जालन्याला आणले जायचे. १९५३ साली ते इस्पितळ हैदराबादच्या एर्रागड्ड्याला गेलं. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ तिकडं राहिलं. महाराष्ट्रातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायचा निर्णय सरकारनं अलीकडं घेतला, तेव्हा आम्हाला वाटलं की ही नवी गोष्ट कशी, हे तर परत येणं आहे.

जालन्याच्या त्या इस्पितळात थायरॉइडनं भ्रमिष्ट झालेली एखादी बाई होती का? असेलही. पण तपासणार कोण आणि कशानं? रक्तातला थायरॉइड मोजायची सोय जगातच पुष्कळ नंतर आली. आणि इस्पितळापर्यंत पोहोचणाऱ्या बायका तरी किती असणार. बाकीच्यांसाठी देवऋषी होता, धुनी होती, दर्गा होता, मिरचीची धुरी होती. ‘बाहेरचं झालंय’ म्हटलं की घर गप्प व्हायचं. आमच्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींत अशी एखादी बाई असतेच, जी बाळंतपणानंतर ‘बदलली’, अंधारात बसायला लागली, भिंतीशी बोलायला लागली आणि एक दिवस विहिरीत सापडली. तिला काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. एवढं मात्र डॉक्टर सांगतात की बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडायचं प्रमाण जास्त असतं.

आता त्याच १९१२ सालाकडं पुन्हा जाऊ. इंग्रजांनी वेड्यांचा कायदा केला त्याच साली जपानच्या हाकारू हाशिमोटो नावाच्या तिशीतल्या डॉक्टरनं जर्मन भाषेतल्या एका नियतकालिकात लेख छापला. त्याच्यापुढं चार रुग्ण होते, चौघीही बायका. गळ्याची गाठ ऑपरेशननं काढलेली. ती गाठ त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बघितलं तर ग्रंथीच्या आत रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी घरं केलेली. आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड असा दिसत नाही. हे काहीतरी निराळं आहे, असं त्यानं लिहिलं. जगानं लक्ष दिलं नाही. हाशिमोटो पुढं शिकायला जर्मनीला गेला, महायुद्ध सुरू झालं, तो परतला, आणि वडील गेल्यावर आपल्या गावी, इगाला, घरचा दवाखाना चालवत बसला. घराणंच वैद्यांचं. गरिबांकडून पैसे घेत नसे असं सांगतात. १९३४ साली विषमज्वरानं तो वारला, तेव्हा बावन्न वर्षांचा होता. आज आपल्या शहरात औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही लॅबमधून बाहेर पडणाऱ्या कागदांवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर त्याचं नाव असतं. आपण ते ‘हाशीमोटा’ असं काहीतरी वाचतो आणि कंपनीचं नाव समजतो.

पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून करतात काय, हे कळायला १९५६ उजाडलं. तोच १९५६, ज्या साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्या घाटीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. लंडनला तेव्हा डेबोरा डोनिआक नावाची डॉक्टर बाई या आजाराच्या रुग्णांवर काम करत होती. योगायोग बघा, जन्म १९१२ चाच. लवकर लग्न, दोन मुलं, आणि त्यानंतर डॉक्टरकी पूर्ण केलेली. तिला दिसलं की या रुग्णांच्या रक्तात रोगाशी लढणारी एक जातीची प्रथिनं फार वाढलेली आहेत, आणि गाठ काढून टाकली की ती कमी होतात. मग प्रश्न आला, ही फौज लढतेय कुणाशी? तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी, रॉइट आणि कॅम्पबेल त्यांची नावं, रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग आणि थायरॉइडचा अर्क एकत्र करून पाहिला. दोन्ही एकमेकांना चिकटून गाळ बसला. फौज स्वतःच्याच ग्रंथीशी लढत होती. कुंपणच शेत खात होतं. रिपोर्टवर ‘अँटी टीपीओ’ लिहिलेलं असतं ती तपासणी याच शोधाच्या घराण्यातली.

इथपर्यंतचं कळलं तर पुढचं कळायला सोपं आहे, कारण आतापर्यंतचं वेड हे रस कमी पडल्यामुळंच होतं. गोळी दिली की ते ओसरतं. १९६६ साली लंडनच्या एका मेंदूच्या डॉक्टरनं निराळीच गोष्ट छापली. डॉक्टरांचं आडनावसुद्धा ब्रेन, लॉर्ड ब्रेन. हाशिमोटोचा आजार असलेल्या एका पुरुषाला पुन्हा पुन्हा झटके येत होते. कधी अर्धांगवायूसारखं एका बाजूचं बळ जायचं, कधी तो भांबावायचा, भास व्हायचे, शुद्ध हरपायची. परत सावरायचा, परत तेच. रक्तात थायरॉइडविरुद्धची ती फौज प्रचंड वाढलेली. ब्रेन यांनी शंका मांडली की गळ्यातल्या भांडणाचा मेंदूशी काही संबंध असावा. तेही त्याच वर्षाच्या शेवटी वारले. १९९१ मध्ये अशा आणखी पाच रुग्णांची माहिती छापली गेली. त्यांना स्टिरॉइडचं औषध लागू पडलं होतं, आणि तेव्हापासून ‘हाशिमोटोचा मेंदूचा आजार’ हे नाव रूढ झालं.

हा आजार दुर्मीळ आहे, हे आधी ऐकून घ्या. लाखात एखाद-दुसरा. पण होतो तेव्हा पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि त्याची सुरुवात कित्येकदा मनाच्या आजारासारखी दिसते. चांगली हिशेबी बाई महिन्या-दोन महिन्यांत गोष्टी विसरायला लागते. ओळखीच्या रस्त्यावर चुकते. कुणीतरी आहे असं म्हणत दाराकडं बघत बसते. एक आठवडा अखंड बडबड, दुसऱ्या आठवड्यात तोंड उघडत नाही. त्याच्या जोडीला शरीराचीही लक्षणं असतात, आणि घरातलं माणूस ती वेगळी धरतं. हात थरथरणं, अंग अचानक उडाल्यासारखं दचकणं, फिट, चालताना तोल जाणं, बोलताना शब्द न सापडणं. आणि मधे काही दिवस ती अगदी पहिल्यासारखी असते. हे मधले चांगले दिवसच तिच्या मुळावर येतात. “काल तर बरी होती, नाटक करते” असं म्हणायला घरच्यांना तेवढं पुरतं.

गंमत, किंवा घोळ म्हणा, पुढंच आहे. या आजारात थायरॉइडचा साधा रिपोर्ट, टीएसएचचा, बरोबर असू शकतो किंवा किंचित बिघडलेला असतो. बिघडलेली असते ती फौज. त्यामुळं ‘थायरॉइड नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही. पण उलटीकडूनही फसगत आहे. २०१३ मध्ये आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढ लोकांची पाहणी छापली गेली, त्यात मुंबई आणि गोवाही होतं. दर शंभरात अकरा जणांचा थायरॉइड कमी निघाला, आणि ती विरोधी फौज जवळजवळ बावीस जणांच्या रक्तात निघाली. म्हणजे पाचातल्या एकीच्या रक्तात ती असते आणि बहुतेकींच्या डोक्याला काहीही झालेलं नसतं. म्हणून नुसता अँटी टीपीओ वाढलेला कागद हातात घेऊन ‘मला मेंदूचा आजार झाला’ म्हणू नका. ती फौज मेंदूला स्वतः इजा करते की कुठल्या तरी दुसऱ्याच बिघाडाची ती नुसती खूण आहे, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. काही जण तर हाशिमोटोचं नावच या आजाराला देऊ नये म्हणतात. २०१६ साली जगभरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की एमआरआय, पाठीतलं पाणी, मेंदूचा आलेख, जंतूंच्या तपासण्या करून बाकीची सगळी कारणं बाजूला झाली, तरच या नावापर्यंत यायचं. आम्हाला ही सावधगिरी पटते. एका दुर्मीळ आजाराच्या नादात साधी डोकेदुखीवालीला हजारो रुपयांच्या तपासण्यांत ढकलणं हाही अन्यायच, आणि तो पैसा शेवटी गटाच्या कर्जातूनच जातो.

याच कुळातला दुसरा एक आजार २००७ साली डॉ. दालमाऊ यांनी नीट ओळखून दिला. त्याचं नाव लांबलचक आहे, एनएमडीए म्हणतात. त्यात ती फौज थेट मेंदूतल्या पेशींवरच्या एका जागेवर जाऊन बसते. तरुण मुलींत तो जास्त सापडतो, कधी बीजकोशातल्या गाठीमुळं होतो. मुलगी ओरडते, विचित्र हातवारे करते, चेहरा वेडावाकडा करते, आणि नंतर दगडासारखी पडून राहते. अंगात आलंय असं वाटायला अजून काय हवं? अमेरिकेतल्या सुझाना कॅहलान या तरुण पत्रकार बाईला तो झाला होता. आधी दारू, ताण, मनाचा आजार असंच निदान झालं, मग एका डॉक्टरनं तिला घड्याळाचा चेहरा काढायला सांगितला आणि तिनं बारा आकडे उजव्या अर्ध्या भागातच भरले. मनाचं वेड असं एका बाजूला झुकत नाही, मेंदूची सूज झुकते. ती बरी होऊन कामावर परतली आणि आपल्या आजारपणावर पुस्तक लिहिलं. घड्याळाचं चित्र काढायला कागद आणि पेन्सिल लागते, बाकी काही नाही.

एवढा इतिहास आम्ही का सांगत बसलो? कारण ‘वेडी’ या शब्दाला आपल्याकडं बाजारभाव आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात मनाच्या आजारावरून घटस्फोट मागता येतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितलं की नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव लावून घटस्फोट मिळणार नाही, आजार किती तीव्र आहे आणि त्याबरोबर संसार खरोखरच अशक्य आहे का, हे दाखवावं लागेल. पण कोर्टापर्यंत जातं कोण? आमच्या गावांत बाईला माहेरी ‘काही दिवस’ सोडून येतात, सहा महिन्यांत दुसरी येते, जमिनीच्या कागदांवर अंगठा आधीच घेतलेला असतो. आमच्या एका गटातली एक सदस्य अशीच माहेरी परत आली होती. कर्जाचे हप्ते कधी न चुकवणारी, आणि अचानक पैसे मोजताना दहाच्या पुढं अडकायला लागलेली. तिला शहरातल्या दोन दवाखान्यांत झोपेच्या गोळ्याच मिळाल्या. तिसऱ्या ठिकाणी, फिट आल्यावर, मेंदूच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि स्टिरॉइड सुरू केलं. तिच्या आजाराचं पक्कं नाव कागदावर काय लिहिलं ते आम्ही इथं सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे. ती आता पुन्हा गटाचे पैसे मोजते. नवऱ्याची दुसरी बायको मात्र त्या घरात आहे, आणि तिलाही दोन मुलं झालीत. हे कुठल्याच गोळीनं उलटं फिरत नाही.

कायदा मात्र आता आपल्या बाजूनं बराच आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं-साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळदंड घालता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून मेले होते. साखळीच्या बंदीची चर्चा निघाली की त्यांची आठवण निघतेच.

पैठणच्या ताईंना आम्ही फोनवर जे सांगितलं तेच इथं सांगतो. जावेचं वागणं कधी बदललं, तारीख आठवा. हळूहळू बदललं की आठवड्यांत? थरथर, दचकणं, फिट, तोल जाणं, विसरणं यांतलं काय आहे? चांगले दिवस किती, वाईट किती? गटाच्या वहीत जसं लिहितो तसं रोज एक ओळ लिहा, आणि ती वही डॉक्टरपुढं ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कधीपासून आणि किती पॉवरची, तो डबाच घेऊन जा. आधी थायरॉइड तपासून घ्या, तो कमी निघाला आणि गोळीनं फरक पडला तर पुढचं काही लागणारच नाही. फिट आली, शुद्ध गेली किंवा एका बाजूचं बळ गेलं तर वाट न बघता घाटीत न्या. स्टिरॉइड सुरू झालं तर ‘बरं वाटतंय’ म्हणून मनानं बंद करू नका, ते डॉक्टर हळूहळूच उतरवतात. आणि मनाच्या डॉक्टरांकडं जायला लाजू नका, बऱ्याचदा तेच पहिले ओळखतात की हे मनाचं नाही. रात्री-अपरात्री बोलायला कुणीच नसलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं.

ताईंनी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर तारीख घातली आणि पुढं लिहिलं, “आज स्वयंपाक केला. मीठ दोनदा घातलं.”